फिकट रेघ आणि अवेळी डाग : गर्भचाचणीची पट्टी नेमके काय मोजते?

नाशिकमधल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात, मग ते मेन रोडवरचे जुने दुकान असो की सिडकोतल्या कोपऱ्यावरचे, सर्वांत हळू आवाजात मागितली जाणारी वस्तू म्हणजे गर्भचाचणीचे किट. दुकानदार ते न बोलता कागदी पिशवीत घालून देतो, घेणारी ते पर्सच्या तळाशी सरकवते आणि दुसऱ्या दिवशी घर जागे होण्यापूर्वी न्हाणीघराचे दार लावून पाच मिनिटे त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत बसते. दोन ठसठशीत रेघा उमटल्या किंवा एकच उमटली, तर प्रश्न मिटला असे वाटते. गोंधळ सुरू होतो तो दुसरी रेघ जेमतेम दिसते तेव्हा, आणि त्याहून मोठा गोंधळ होतो तो दोन रेघा पाहिल्यानंतर चार दिवसांनी कपड्यावर तपकिरी डाग दिसतो तेव्हा. आता पट्टी खरी मानायची की डाग?

खरे तर या दोघांत भांडण नाही. अमुक वेळी लघवीत एक रसायन ठरावीक पातळीच्या वर होते की नाही, एवढेच पट्टी सांगते. कुठून तरी थोडे रक्त आले, एवढेच डाग सांगतो. गर्भ राहिला आहे का, तो योग्य जागी आहे का आणि तो वाढतो आहे का, हे तीन निराळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे एकदाच पाहून क्वचितच मिळतात. बहुतेक वेळा काही दिवसांच्या अंतराने दोनदा पाहावे लागते. हे अंतर का लागते, ते समजले की निम्मी धास्ती कमी होते आणि जिथे खरोखर धावपळ करायला हवी ती जागाही ओळखता येते.

दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला पाणी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिककर गोदाघाटावर जाऊन तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी पायाशी आहे, कमरेला लागले की गळ्यापर्यंत चढले, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची या शहराची जुनी सवय आहे. गर्भचाचणी समजून घ्यायला हे चित्र फार उपयोगी पडते.

स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा संयोग गर्भनलिकेत होतो. त्यानंतर तो इवलासा गोळा काही दिवस प्रवास करत गर्भाशयात पोहोचतो आणि तिथल्या अस्तरात रुजतो. रुजताना त्याच्या बाहेरच्या थरातील पेशी, ज्यांतून पुढे वार तयार होते, एक संप्रेरक सोडू लागतात. त्याचे नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन. पुढे आपण त्याला एचसीजी म्हणू. अस्तर टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन बनवत राहा, असा निरोप हे एचसीजी अंडाशयाला देते. निरोप पोहोचला की अस्तर झडत नाही, म्हणजेच पाळी येत नाही. पाळी चुकणे आणि पट्टीवर दुसरी रेघ येणे या दोन्ही गोष्टी अशा एकाच कारणातून घडतात.

रुजण्याचा क्षण म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणे. पाणी आधी नदीत येते, म्हणजे एचसीजी आधी रक्तात दिसते. घाटावर, म्हणजे लघवीत, ते त्यानंतर पुरेशा प्रमाणात पोहोचते. घरगुती किट म्हणजे मारुतीच्या घोट्यावर मारलेली एकच खूण. बहुतेक किटसाठी ही खूण मिलिलिटरमागे सुमारे २० ते २५ मिलि-आंतरराष्ट्रीय एककांवर असते. पातळी त्याखाली असेल तर पट्टी गप्प राहते आणि वर गेली की रेघ उमटते. पाणी चढते आहे की ओसरते आहे, हे एका खुणेकडे एकदा पाहून कळणार नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजी साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होते, म्हणून आज १२ एककांवर असलेली स्त्री आज 'नाही' असे उत्तर पाहील आणि तीनच दिवसांनी 'हो' असे. दोन्ही वेळी पट्टीने खरेच सांगितलेले असेल.

छाटणीपासूनचे दिवस

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला बाग किती दिवसांची झाली असे विचारले, तर तो छाटणीपासूनचे दिवस सांगतो. छाटणीच्या दिवशी वेलीवर घड नसतो आणि फुलोरा तर कितीतरी नंतर येतो, पण छाटणीची तारीख वहीत पक्की असते म्हणून मोजणी तिथून होते. डॉक्टरही गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी गर्भ नसतोच. त्यामुळे 'पाच आठवड्यांची गरोदर' म्हणजे गर्भधारणा होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले असतात. हा हिशेब माहीत नसल्यामुळे नवऱ्याबायकोत आणि सासर-माहेरात नको ते प्रश्न उभे राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

समजा, एखाद्या स्त्रीची पाळी १ जूनला आली आणि तिचे चक्र २८ दिवसांचे आहे. तिचे स्त्रीबीज १५ जूनच्या आसपास सुटेल. गर्भधारणा झाली तर रुजणे बहुधा त्यानंतर आठ ते दहा दिवसांनी, म्हणजे २३ ते २५ जूनच्या सुमारास होईल, आणि पुढची पाळी अपेक्षित असेल २९ जूनला. तिने २४ तारखेला घाईने तपासले तर पट्टीला सापडण्यासारखे काही नसेल. आता त्याच स्त्रीचे स्त्रीबीज त्या महिन्यात आजारपण, रात्रपाळी किंवा प्रवास अशा कुठल्याशा कारणाने २२ जूनला सुटले असे समजू. मग रुजणे ३० जून ते २ जुलैच्या दरम्यान होईल. २९ जूनला, पाळी चुकली त्याच दिवशी, पट्टी एकच रेघ दाखवेल, कारण धरणाचा दरवाजाच अजून उघडलेला नाही. ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे, ज्या बाळाला अंगावर पाजत आहेत किंवा ज्यांना पीसीओएसचा, म्हणजे संप्रेरकांच्या असंतुलनामुळे स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा, त्रास आहे, त्यांच्या बाबतीत 'पाळी चुकली' या शब्दांनाच फारसा अर्थ उरत नाही. त्यांनी पाळीऐवजी संबंधाची तारीख धरावी. शेवटच्या असुरक्षित संबंधाला २१ दिवस झाल्यानंतरची चाचणी विश्वासार्ह असते.

पट्टीच्या आत काय घडते

१९३० च्या दशकात गर्भचाचणीसाठी स्त्रीची लघवी आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकीला टोचत आणि तिने अंडी घातली तर उत्तर 'हो' असे मानत. आजच्या पट्टीत बेडकीचे काम प्रतिपिंडे करतात. प्रतिपिंड म्हणजे एकाच वस्तूला नेमके पकडणारे प्रथिन. लघवीचे थेंब खोलगट जागेत टाकले की ते पट्टीवरून वाहू लागतात आणि वाटेत ठेवलेले रंगीत कण सोबत घेतात. या कणांवरची प्रतिपिंडे एचसीजीचे एक टोक धरतात. पुढे 'टी' या जागी दुसरी प्रतिपिंडे पट्टीला घट्ट चिकटवलेली असतात. ती एचसीजीचे दुसरे टोक धरतात. मधली कडी म्हणून एचसीजी असेल तरच रंग तिथे अडकतो आणि रेघ दिसते. 'सी' जागेवरची रेघ कडीशिवायही उमटते. प्रवाह नीट वाहिला आणि पट्टीतली रसायने शाबूत आहेत, एवढाच तिचा अर्थ. ती आलीच नाही तर चाचणी रद्द समजावी आणि दुसरे किट वापरावे.

यावरून फिकट रेघेचे उत्तरही मिळते. सांगितलेल्या वेळेत, गुलाबी किंवा निळ्या रंगाची, पूर्ण रुंदीची फिकट रेघ दिसली तर तिथे एचसीजी आहे. फिकेपणा त्याचे प्रमाण कमी असल्याचा असतो. त्यावरून गर्भ अशक्त आहे असे ठरवणे चूक, कारण लघवी पातळ असली तरी रेघ फिकट येते. पट्टी अर्ध्या तासाने कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिल्यावर दिसणारी राखाडी, रंगहीन रेषा मात्र निराळी. लघवी वाळून ती उरलेली असते आणि तिचा काहीच अर्थ नसतो. म्हणून घड्याळ लावून, किटच्या कागदावर लिहिलेल्या मिनिटांतच पट्टी वाचावी. पुढे कुणाला दाखवायची असेल तर त्याच वेळी फोटो काढून ठेवावा.

सकाळची पहिली लघवी वापरा असे सांगतात, त्यामागे रात्रभर साठून ती घट्ट झालेली असते एवढेच कारण आहे. पाळी चुकून आठवडा उलटला असेल तर दुपारची लघवीही चालते. अगदी सुरुवातीच्या दिवसांत मात्र हा फरक निर्णायक ठरू शकतो. दोन लिटर पाणी पिऊन लघवीला जाणे म्हणजे ताक पाण्याने वाढवून चवीची तक्रार करण्यासारखे आहे. टूथपेस्ट, साखर किंवा मीठ लघवीत मिसळून फेस येतो का ते पाहण्याचे प्रयोग मोबाइलवर फिरत असतात. त्यांपैकी कशालाही एचसीजी ओळखता येत नाही. आशा कार्यकर्तीकडे सरकारी 'निश्चय' किट मोफत मिळत असताना टूथपेस्ट वाया घालवण्याचे कारण नाही.

'९९ टक्के अचूक' हा आकडा कशाचा?

खोक्यावरचा हा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या प्रश्नाचे उत्तरही नसतो. ठरावीक प्रमाणात एचसीजी असलेला नमुना दिला तर पट्टी तो किती वेळा बरोबर ओळखते, याच्याशी त्याचा संबंध असतो. गरोदर स्त्रीच्या लघवीत त्या दिवशी तेवढे एचसीजी असेलच, याची हमी कोणतीही कंपनी देऊ शकत नाही.

या बाबतीत अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनात झालेला एक अभ्यास फार बोलका आहे. १९८० च्या दशकात तिथल्या २२१ स्त्रियांनी, मूल हवे म्हणून गर्भनिरोधन थांबवल्यापासून, रोज सकाळची लघवी साठवून संशोधकांना दिली. कित्येक महिने रोज पहाटे हे करत राहणे सोपे नाही. त्या चिकाटीमुळे गर्भारपणाच्या पहिल्या दिवसांविषयी जे कळले ते आजही प्रमाण मानले जाते. टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांत रुजणे स्त्रीबीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी झाले होते. २००१ साली त्याच नोंदींवरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा की पाळी अपेक्षित होती त्या दिवशी सुमारे १० टक्के गर्भ अजून रुजलेलेच नव्हते. म्हणजे जगातली सर्वोत्तम चाचणी वापरली तरी त्या दिवशी दहापैकी एका गरोदर स्त्रीला 'नाही' असेच उत्तर मिळणार. आठवडाभर थांबल्यावर ही चाचणी ९७ टक्क्यांपर्यंत पोहोचू शकते. पाळी चुकल्याच्या दिवशी एक रेघ आली आणि पुढे आठवडाभरातही पाळी आली नाही, तर पुन्हा तपासा, हा सल्ला या दहा टक्क्यांसाठी आहे.

पण दोन रेघा खोट्या नसतात ना?

एक रेघ फसवी असण्याची शक्यता बरीच असते, दोन रेघा फसव्या असण्याची फार कमी. तरी ती शून्य नाही. वंध्यत्वाच्या उपचारांत स्त्रीबीज सुटावे म्हणून एचसीजीचेच इंजेक्शन देतात, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवस पट्टीला ते इंजेक्शनच सापडू शकते. गर्भपातानंतर, तो आपोआप झालेला असो वा केलेला, पूर ओसरायला वेळ लागावा तसे एचसीजी काही आठवडे रेंगाळते. रजोनिवृत्तीच्या आसपास मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी थोडे एचसीजी तयार करते, त्यामुळे क्वचित फिकट रेघ येऊ शकते. द्राक्षगर्भ नावाच्या विकारात वारेची ऊती द्राक्षाच्या घडासारखी फुगत जाते आणि निरोगी गर्भ मात्र वाढत नाही. त्यात एचसीजी भरमसाट वाढते. ते इतके वाढू शकते की रंगीत कणांची आणि रेघेवरची दोन्ही प्रतिपिंडे स्वतंत्रपणे भरून जातात, कडी जुळतच नाही आणि पट्टी उलट 'नाही' म्हणते. हा प्रकार विरळा आहे, पण उलट्या, रक्तस्राव आणि वाढलेले पोट असताना पट्टी 'नाही' म्हणत असेल तर डॉक्टरांना तो आठवायला हवा.

प्रतिजैविके, डोकेदुखीच्या गोळ्या किंवा रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या यांनी दुसरी रेघ उमटत नाही. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही ती उमटत नाही, मात्र ती गोळी पाळीचे वेळापत्रक मागेपुढे करते आणि मध्येच डागही पाडते. आपल्याकडे आणखी एक गोळी गोंधळ घालते, ती म्हणजे पाळी पुढे ढकलण्याची. घरचे लग्न, सत्यनारायण, त्र्यंबकेश्वरचा विधी अशा निमित्ताने ती सर्रास घेतली जाते. ती बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा झाला तरी आली नाही तर चाचणी करावी, कारण ही गोळी पाळी लांबवते, गर्भधारणा टाळत नाही.

डाग म्हणजे पाळी की रुजण्याची खूण?

गर्भ रुजताना थोडे रक्त येते ही समजूत इतकी पसरली आहे की अनेक जणी पाळीच्या आधीच्या डागालाच आनंदवार्ता मानतात. त्याच उत्तर कॅरोलिनातल्या स्त्रियांच्या नोंदींत, पहिले आठ आठवडे पाहिले तेव्हा, १५१ पैकी १४ जणींना रक्त दिसले होते. ते बहुतांशी पाळी यायची त्या सुमारास होते. नेमक्या रुजण्याच्या दिवशी मात्र जवळजवळ नव्हतेच. त्या १४ पैकी १२ जणींना पुढे बाळ झाले. म्हणजे सुरुवातीचा हलका डाग गरोदरपणात दिसू शकतो आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो, पण 'रुजण्याचा रक्तस्राव' म्हणून त्याची तारीख लावणे धाडसाचे आहे. मुख्य म्हणजे रंग, चिकटपणा किंवा थेंबांची संख्या पाहून पाळी आणि गर्भधारणा यांत फरक सांगता येत नाही. अशा वेळी पट्टी उपयोगी पडते.

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गरोदर स्त्रीच्या अंगावरून कधी ना कधी थोडे रक्त जाते. गरोदरपणात गर्भाशयमुखाचा रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे संबंधानंतर किंवा आतून तपासणी झाल्यावर तिथून थोडे रक्त येते. जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखावरची छोटी गाठ, गर्भपिशवीच्या कडेला साठलेले रक्त हीही कारणे असतात. तपकिरी रंग म्हणजे जुने रक्त, जे बाहेर यायला वेळ लागला. आणि ते नेमके कुठून आले हेही पाहायला हवे, कारण लघवीतला संसर्ग आणि मूळव्याध यांचे रक्तही कपड्यावर तसेच दिसते. गरोदर नसलेल्यांत स्त्रीबीज सुटताना, गर्भनिरोधक गोळी चुकल्यावर, तांबी बसवल्यावर किंवा 'अंतरा' या तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर असताना डाग पडणे नेहमीचे आहे.

स्राव पाळीइतका किंवा अधिक असेल, गाठी पडत असतील आणि ओटीपोटात कळा येत असतील, तर गर्भपाताची शक्यता वाढते. इथे घरोघरी एक खटला उभा राहतो: पपई खाल्ली होती, गाडीवरून मागे बसून शहरातल्या द्वारका चौकापर्यंत गेली होती, पाण्याची कळशी उचलली होती. नाशिकच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांविषयी माझे मत काही चांगले नाही, पण गर्भपाताचा दोष मी त्यांच्यावर टाकणार नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो, आणि तो बीजसंयोगाच्या वेळीच ठरून गेलेला असतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भपात टळतो, असेही अभ्यासांत आढळलेले नाही. ज्या सुनेला आधीच दुःख झाले आहे तिला हे वाक्य घरातल्या मोठ्या बाईने ऐकवले तर ते डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा अधिक लागू पडते.

ज्या डागासाठी थांबायचे नाही

शंभरपैकी एक ते दोन गर्भधारणांत गर्भ गर्भाशयाऐवजी बाहेरच, बहुधा गर्भनलिकेत, रुजतो. याला अस्थानिक गर्भ म्हणतात. नलिका बोटापेक्षा बारीक असते. गर्भ वाढला की ती फाटते आणि पोटात रक्तस्राव होतो. पट्टीला यातले काहीच कळत नाही, ती दोन रेघाच दाखवते, कधी फिकट, कधी ठळक. बाहेर दिसणारे रक्त थोडेसेच असू शकते आणि त्यामुळेच फसगत होते. चाचणी 'हो' असताना किंवा पाळी चुकलेली असताना ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, टिकून राहणारी वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा घाम फुटून गळून जाणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पेठ, सुरगाण्याकडून घाटरस्त्याने नाशिकला यायचे असेल तर हा निर्णय आणखी लवकर घ्यावा लागतो.

यात दोन गोष्टी आपल्याकडे वारंवार नजरेआड होतात. पहिली म्हणजे 'माझे ऑपरेशन झाले आहे, मला दिवस कसे जातील?' ही खात्री. नसबंदी क्वचितच फसते, पण फसली तर गर्भ नलिकेत अडकण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच अधिक असते. तांबी असताना राहिलेल्या गर्भाबाबतही तेच. नलिकांचा जुना संसर्ग, जननेंद्रियांचा क्षयरोग आणि पूर्वीचा अस्थानिक गर्भ हेही धोका वाढवतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन रेघा दिसल्यावर कुणाच्या तरी ओळखीने गर्भपाताच्या गोळ्या आणून घरीच घेतल्या जातात. या गोळ्या गर्भाशयातील गर्भावर काम करतात, नलिकेतल्या गर्भावर नाही. गोळ्यांनी अस्तर झडून रक्त येते, सगळे ठरल्याप्रमाणे झाले असे वाटते आणि नलिकेतला गर्भ मात्र वाढत राहतो. १९७१ च्या कायद्याने पात्र डॉक्टरांमार्फत गर्भपात करून घेणे आपल्याकडे वैध आहे, तिथे गोपनीयतेचे बंधनही आहे, आणि गर्भ कुठे आहे हे तिथे आधी पाहिले जाते.

मग सरळ रक्तच का तपासू नये?

रक्तातील एचसीजी, ज्याला प्रयोगशाळेच्या पावतीवर 'बीटा एचसीजी' म्हणतात, थोडे आधी सापडते आणि त्याचा नेमका आकडा मिळतो. ५ च्या खाली 'नाही', २५ च्या वर 'हो', मधला पट्टा संदिग्ध. तरीही एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही, कारण एकाच आठवड्यात निरोगी गर्भारपणातही हा आकडा स्त्रीगणिक कित्येक पटींनी वेगळा असतो. शेजारणीच्या रिपोर्टशी तुलना करणे म्हणूनच निरर्थक आहे. गोदावरीवरच्या होळकर पुलाखालून आता किती क्युसेक पाणी जाते आहे यापेक्षा दोन तासांपूर्वी किती जात होते हे कळले तर पुराचा रोख समजतो. डॉक्टरही ४८ तासांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करायला सांगतात. आकडा १५०० च्या खाली असताना दोन दिवसांत किमान सुमारे ४९ टक्के वाढ अपेक्षित असते. वाढ त्याहून कमी असेल तर गर्भपात किंवा अस्थानिक गर्भ यांचा विचार करावा लागतो. आकडा घसरत असेल तर पूर ओसरतो आहे.

सोनोग्राफीची घाईही अशीच महागात पडते. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भपिशवी साधारण पाचव्या आठवड्यात आणि हृदयाचे ठोके सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. ज्या स्त्रीचे स्त्रीबीज आठवडाभर उशिरा सुटले, तिची 'सहाव्या आठवड्यातली' सोनोग्राफी खरे तर पाचव्या आठवड्याची असते. त्या दिवशी 'ठोके नाहीत' असे ऐकून रडत घरी गेलेल्या आणि आठ-दहा दिवसांनी ठोके ऐकलेल्या स्त्रिया थोड्या नाहीत. वेदना किंवा जास्त रक्तस्राव नसेल तर पुन्हा पाहण्याची तारीख मागून घेणे हाच तेव्हाचा उपचार असतो.

इतक्या लवकर तपासावेच का?

हा आक्षेप मला पटणारा आहे. उत्तर कॅरोलिनातल्या त्या नोंदींत २२ टक्के गर्भधारणा कुणाला कळण्याआधीच संपल्या होत्या. पूर्वी अशा महिन्यात 'या वेळी पाळी दोन दिवस उशिरा आली' एवढेच म्हटले जायचे. आज पाळीच्या चार दिवस आधी केलेली चाचणी फिकट दुसरी रेघ दाखवते, आठवड्याने रक्त येते आणि जिचे अस्तित्व एरवी जाणवलेही नसते त्या गर्भधारणेचे सुतक मन धरते. याला रासायनिक गर्भधारणा असे कोरडे नाव आहे. तीत स्त्रीची चूक नसते आणि पुढच्या वेळी गर्भ राहण्याची शक्यताही त्यामुळे कमी होत नाही. ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांनी पाळी चुकून आठवडा झाल्यावर तपासावे, असे माझे मत आहे. पूर्वी अस्थानिक गर्भ राहिला असेल, वंध्यत्वाचे उपचार चालू असतील, किंवा अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन अशी गर्भाला घातक औषधे चालू असतील, तर मात्र लवकर तपासणे आवश्यक ठरते, आणि औषध स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

डाग दिसल्यावर दवाखान्यात जाताना एका चिठ्ठीवर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, नेहमीचे चक्र किती दिवसांचे, चाचणी कोणत्या तारखांना केली व काय दिसले, रक्त कधी सुरू झाले, दिवसाला किती पॅड भिजले, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि रक्तगट कोणता, एवढे लिहून न्यावे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे बनवू नयेत म्हणून दिले जाणारे) हवे की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि ते द्यायचे झाले तर रक्तस्रावापासून ७२ तासांच्या आत देतात. बाहेरच्या प्रतीक्षा-खोलीत सासू आणि जाऊ शेजारी बसलेल्या असताना यातले अर्धे तोंडी सांगणे कठीण जाते. चिठ्ठी नुसती पुढे सरकवता येते.